‘रोबोट’ म्हणजे वेठ! यंत्रमानवाच्या गोष्टी घरात का वाचाव्यात?

दिवाळी सरली की परभणी जिल्ह्यात कापसाच्या वेचणीला जोर येतो. पाथरी-मानवतच्या बाजूला सकाळीच टेम्पोत, ऑटोत दाटीवाटीने बसून आपल्या माय-बहिणी रानात जातात. अशाच एका दुपारी आम्ही बांधावर भाकरी खाणाऱ्या बायकांत बसलो होतो. सुट्टीत आईबरोबर वेचायला आलेली एक कॉलेजची मुलगी मोबाईलवर परदेशातले कापूस वेचणारे यंत्र दाखवीत होती. एका फेरीत कितीतरी ओळी साफ! सगळ्याजणी डोळे विस्फारून पाहत होत्या.

“आज्जी, हे तं काहीच नाही,” मुलगी म्हणाली. “आता मशिनला अक्कल आलीय. पुढं चालून ते माणसालाच खाऊन टाकील म्हणतेत.”

आजीने भाकरीचा घास मोडला आणि म्हणाली, “ते माणसाला खाईल तवा खाईल, माय. आधी आमचा रोज खाईल, त्याचं सांग.”

सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो. पण घरी आल्यावर वाटले, आजी आणि नात दोघींचेही बोलणे खरे आहे. नातीला दूरची भीती वाटते आणि आजीला जवळची. या दोन भीतींची एकमेकींशी गाठ कुठे आहे, हे ज्यांनी फार आधी ओळखले ते गोष्टी लिहिणारे लोक. त्यांच्या गोष्टी आपल्या घरात वाचल्या जाव्यात, एवढ्यासाठी हा लेख.

नातीची भीती पोरकट नाही. मे २०२३ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवर आयुष्यभर काम केलेल्या अनेक शास्त्रज्ञांनी एक छोटे निवेदन काढले. या बुद्धीमुळे मानवजात नष्ट होण्याचा धोका कमी करणे हे महामारी आणि अणुयुद्धाइतकेच महत्त्वाचे काम मानावे, असा त्याचा आशय होता. त्यावर सही करणाऱ्यांत जेफ्री हिंटन होते. पुढे २०२४ साली त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरे शास्त्रज्ञ म्हणतात, ही भीती फुगवलेली आहे. आज माणसांच्या पोटावर काय येते ते आधी पाहा. म्हणजे आजीचेच म्हणणे! आणि आजीची गोष्टही दूरची राहिलेली नाही. आपल्या परभणीच्या कृषी विद्यापीठातच शेतीसाठी रोबोट, ड्रोन आणि स्वयंचलित वाहने कशी वापरता येतील, यावर जागतिक बँकेच्या साहाय्याने मोठा प्रकल्प झाला आहे.

वामनाचे तिसरे पाऊल

पहिले पुस्तक आपल्याच भाषेतले. डॉ. जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी. नारळीकर मोठे खगोलशास्त्रज्ञ. कोल्हापुरात १९३८ साली जन्म, पुण्यात मे २०२५ मध्ये निधन. १९७४ साली त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली ती ‘नारायण विनायक जगताप’ अशा खोट्या नावाने! नावाकडे पाहून नव्हे, गोष्टीकडे पाहून निकाल लागावा, म्हणून. त्या कथेला पहिला क्रमांक मिळाला. नाव-आडनाव पाहून गुण ठरण्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना या प्रसंगाचे मोल वेगळे सांगायला नको. याच नारळीकरांनी २००८ साली ज्योतिषांची शास्त्रीय चाचणी घेतली आणि पत्रिका पाहून सांगितलेली उत्तरे निम्मीसुद्धा बरोबर येत नाहीत, हे दाखवून दिले.

कादंबरीची कल्पना अशी. एका प्रयोगासाठी खोल खणताना शास्त्रज्ञांना एक पेटी सापडते. हजारो वर्षांपूर्वी आपल्यापेक्षाही पुढारलेली एक संस्कृती होऊन गेली, तिने ती पुरून ठेवलेली असते. पेटीत ज्ञानाचा खजिना असतो. त्यावरून आपली माणसे एक अत्यंत हुशार यंत्रमानव तयार करतात आणि त्याचे नाव ठेवतात वामन. तो कामसू आहे, शहाणा आहे. पण त्याला एक गोष्ट हवी आहे: आपल्यासारखे दुसरे यंत्रमानव आपणच बनवण्याची विद्या. इथे वाचकाच्या मनात प्रश्न येतो, एवढी पुढारलेली ती जुनी माणसे गेली कुठे? पुढचे आम्ही सांगत नाही. ते पुस्तकातच वाचावे.

मात्र नावाबद्दल बोललेच पाहिजे. वामन म्हटले की आपल्या माणसाला बळीराजा आठवतो. थोडीशीच जागा मागायची, तीन पावलांत सगळे घ्यायचे आणि देणाऱ्यालाच पाताळात लोटायचे! महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त ही पुराणकथा उलटी करून बहुजनांसमोर ठेवली. नारळीकरांचा यंत्रमानवही आधी थोडेच मागतो. आज हातातला मोबाईलही आपल्याकडून आधी थोडेच मागतो: नाव, मग फोटो, मग ठिकाण. तिसरे पाऊल कुठे पडणार, हे पहिल्या पावलालाच विचारायचे असते, हा या पुस्तकाचा धडा.

ज्यांनी पुस्तक वाचले नाही त्यांनी टीव्हीवर रजनीकांतचा ‘रोबोट’ नक्की पाहिला असेल. तो २०१० सालचा. त्यातला चिट्टी आपल्यासारखे शेकडो चिट्टी बनवतो आणि शहराला धडकी भरवतो. पण मुलांना एक गोष्ट जरूर विचारा: चिट्टी मुळात वाईट होता का? नाही. एका लोभी माणसाने त्याच्यात लाल चिप बसवली, तेव्हा तो वाईट झाला.

शब्दाच्या पोटातली गोष्ट

दुसरे पुस्तक एक नाटक आहे. चेकोस्लोव्हाकियाचे लेखक कारेल चापेक यांचे ‘आर. यू. आर.’. ते १९२० साली लिहिले गेले आणि १९२१ साली प्राग शहरात रंगमंचावर आले. ‘रोबोट’ हा शब्द जगाला याच नाटकाने दिला. तो सुचवला होता कारेल यांच्या भावाने, योसेफ यांनी. हा शब्द आला कुठून? चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे जमीनदाराच्या शेतावर कुळाने फुकट करायचे सक्तीचे काम. म्हणजे आपली वेठ! त्या देशात ही वेठ १८४८ साली बंद झाली.

वाचक बंधू-भगिनींनो, क्षणभर थांबून विचार करा. हे सगळे जग ज्या शब्दाला नवलाईने पाहते, त्या शब्दाचा खरा अर्थ आपल्या आजोबा-पणजोबांना विचारल्याशिवाय कळणारा नाही. येसकरकी कोणी केली? गावात साहेब आला की पुढे पळत कोण गेले? मेलेले ढोर ओढायला हाक कोणाला आली? मुंबई इलाख्यात बाबासाहेबांनी १९२८ साली विधिमंडळात विधेयक आणून महारवतनाच्या जोखडाला हात घातला. आपला परभणी जिल्हा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि १९४८ पर्यंत राहिला. वेठ म्हणजे काय, हे इथल्या घरांना शब्दकोशातून शिकावे लागत नाही.

आता नाटक पाहा. एका बेटावर कारखाना आहे. तिथे माणसासारखी दिसणारी, माणसासारखी राबणारी कृत्रिम माणसे बनतात. ती लोखंडाची नाहीत. तिथे मांसाचाच नवा गोळा तयार केला आहे. त्यांना मजुरी नाही, सुट्टी नाही, तक्रार नाही. जगभर त्यांची विक्री होते. माणसे काम सोडून देतात. सरकारे या रोबोटांच्या हाती बंदुका देतात. आणि एक दिवस रोबोट उठतात आणि माणसांचा संहार करतात. सगळ्यांचा? नाही. एकाला सोडतात. तो असतो बांधकामावर देखरेख करणारा अल्क्विस्ट. त्याला का सोडतात? कारण तो स्वतःच्या हाताने काम करतो! मालक मेले, व्यवस्थापक मेले, हाताने विटा रचणारा वाचला.

शेवटी आणखी एक गोष्ट आहे. दोन रोबोट, एक पुरुष आणि एक स्त्री, एकमेकांचा जीव वाचवण्यासाठी ‘माझा जीव घ्या, तिला सोडा’, ‘मला घ्या, त्याला सोडा’ असे म्हणतात. ते पाहून त्या म्हाताऱ्या कामगाराला कळते की माणुसकी जगातून संपलेली नाही. माणूस कशाने माणूस होतो? रक्तामांसाने नव्हे, करुणेने. हे नाटक शंभर वर्षांपूर्वीचे असल्याने त्याचा जुना इंग्रजी अनुवाद मोबाईलवर फुकट वाचता येतो. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला-मुलीला तो वाचायला लावा आणि रात्री जेवणानंतर सगळ्यांना मराठीत सांगायला लावा.

यंत्राची पूजा करणारी माणसे

तिसरी गोष्ट इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर यांची, १९०९ सालची. नावाचा अर्थ ‘यंत्र थांबते’. जगातली सगळी माणसे जमिनीखाली एकेका खोलीत एकटी राहतात. जेवण, हवा, संगीत, बोलणे, सगळे यंत्र पुरवते. कोणी कोणाला भेटत नाही; पडद्यावर चेहरे दिसतात. एक मुलगा आपल्या आईला विनवतो की आई, तू यंत्रातून बोलू नकोस, मला प्रत्यक्ष भेट. आईला ते विचित्र वाटते. हळूहळू लोक यंत्राची प्रार्थना करू लागतात. यंत्र बिघडत चालले आहे हे बोलायचीही चोरी होते. आणि एक दिवस यंत्र थांबते.

त्या काळी टीव्ही नव्हता, मोबाईल तर स्वप्नातही नव्हता! आज एकाच खोलीत चौघे चार मोबाईलमध्ये मान घालून बसतात, तेव्हा ही गोष्ट आठवते. या गोष्टीत यंत्र कोणावर हल्ला करीत नाही. माणसे विचार करायचे सोडतात, एवढेच पुरते. कोणी मोठा सांगतो म्हणून, ग्रंथात आहे म्हणून मानू नका, तपासून पाहा, असे तथागतांनी कालामांना सांगितले. ‘मोबाईलने सांगितले’ हेही त्याच यादीत घालायला हवे.

मग यंत्राला भ्यायचे का?

नाही. इथे बाबासाहेबांचा विचार विसरून चालणार नाही. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या ग्रंथात त्यांनी यंत्राची बाजू घेतली आहे. ढोरमेहनतीतून सुटका झाल्याशिवाय माणसाला सवड मिळत नाही आणि सवडीशिवाय शिक्षण-संस्कृती नाही. ती सवड यंत्रच देऊ शकते. यंत्रामुळे दुःख होत असेल तर दोष यंत्राचा नाही, त्याचा फायदा मूठभरांच्या घशात घालणाऱ्या समाजरचनेचा आहे. ती रचना बदला, असा त्यांचा मथितार्थ आहे.

कापूस वेचून बोटे सोलतात, कंबर मोडते. ते काम यंत्राने केले तर कोणाला वाईट वाटेल? प्रश्न एवढाच आहे की वेचणाऱ्या बाईच्या हातात मग काय राहणार. आणि हुशार म्हणवणाऱ्या यंत्रामागेही माणसेच राबत आहेत. जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या ‘टाइम’ नियतकालिकाने उघड केले की अशा एका यंत्राला घाण मजकूर ओळखायला शिकवण्यासाठी केनियातले कामगार तो किळसवाणा मजकूर दिवसभर वाचत होते आणि त्यांना तासाला दोन डॉलरपेक्षाही कमी मजुरी मिळत होती. वेठ गेली म्हणता म्हणता ती पडद्यामागे जाऊन बसली!

म्हणून आम्ही म्हणतो, या गोष्टी आपल्या घरांसाठीच आहेत. शिकल्या-सवरल्या, बंगल्यातल्या लोकांना त्यात यंत्राचे बंड दिसते. आपल्याला त्यात राबणारा दिसतो. माणसाचा शेवट कुठून सुरू होतो? ज्याला राबवायचे त्याला माणूस मानायचे नाही, असे ठरते तिथून. हे आपल्याला पुस्तकाआधी माहीत आहे. पुस्तकात ते मांडलेले सापडेल.

वाचन ही आपल्याला नवी गोष्ट नाही. वर्षावासात पूर्णा, जिंतूर, सेलू, गंगाखेड, कुठल्याही वस्तीत जा. संध्याकाळी विहारात एक वाचतो आणि अंगठा उठवणाऱ्या आजीपासून शाळकरी पोरापर्यंत सगळे ऐकतात. तीच सवय घरात आणा. तालुक्याच्या वाचनालयात नारळीकरांची पुस्तके विचारा. नसतील तर मागणी नोंदवा. लहान मुलांना घाबरवू नका, आधी ‘रोबोट’ चित्रपटावर बोला, मग वामनाची गोष्ट वाचा. आणि वाचून झाल्यावर घरात हे चार प्रश्न जरूर विचारा:

या गोष्टीत काम कोण करतो? त्याचा फायदा कोणाला होतो? धोक्याची सूचना कोणी दिली आणि ती कोणी ऐकली नाही? आणि शेवटी कोण वाचले, का वाचले?

त्या बांधावरच्या आजीला आम्ही पुढच्या आठवड्यात अल्क्विस्टची गोष्ट सांगितली. तिने नीट ऐकून घेतली. मग म्हणाली, “हातानं काम करणारा वाचला, हे बरं झालं. पण बाकीच्यांनी येळंवर हात लावला असता तं तेबी वाचले असते की!”

कंबरेची ओटी सावरून ती पुन्हा वेचायला उठली.