टॉमकॅट चालत नाही? फॉर्मेट मारू नका

रायपुरात संगणक शिकणाऱ्या कुठल्याही मुलाला विचारा, टॉमकॅट हा जाव्हाचा वेब सर्व्हर चालत नसेल तर काय करायचं? उत्तर ठरलेलं असतं: "अनइन्स्टॉल करके फिर से डाल दो." तेवढ्यानं भागलं नाही, की पुढची पायरी: "फॉर्मेट मार दो." तात्यापाऱ्यातल्या मराठी घरांतली पोरंही हे हिंदीतच ऐकवतात. लॅबमध्ये आणि दुरुस्तीच्या दुकानात जसं ऐकलं, तसंच पुढे.

गैरसमजाचं मूळ 'इन्स्टॉलेशन फसलं' या वाक्यातच आहे. टॉमकॅटचं इन्स्टॉलेशन म्हणजे काय, तर झिप उघडून काही फोल्डर डिस्कवर ठेवणं. विंडोजचा इन्स्टॉलर त्यात एका सर्व्हिसची नोंद तेवढी घालतो. हे सहसा फसत नाही. फसतं ते सुरू होणं, आणि त्याची कारणं बहुतेक वेळा टॉमकॅटच्या फोल्डरबाहेर असतात: मशीनवर जाव्हा कोणती आहे, जाव्हा_होम हे व्हेरिएबल कुठे बोट दाखवतंय, ८०८० हा पोर्ट आधीच कुणी धरून ठेवलाय का. टॉमकॅट दहा वेळा काढून घातला तरी यातलं काही तसूभर बदलत नाही. उलट लॉगचा फोल्डर उडतो, म्हणजे होता तो पुरावाही गेला.

इथे हमखास दिसणारं उदाहरण घेऊ. पीजीडीसीए किंवा बीसीएच्या विद्यार्थ्यानं एसक्यूएलच्या प्रॅक्टिकलसाठी ओरॅकल ११जी एक्सप्रेस एडिशन टाकलेलं असतं. त्याचा वेब भाग मुळातच ८०८० वर बसतो, आणि मशीन सुरू झालं की आपोआप सुरू होतो. मग जाव्हाचा पेपर येतो, टॉमकॅट येतो, त्यालाही ८०८० च हवा. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट:८०८० उघडलं की एक चौकट युजरनेम-पासवर्ड मागते. मुलगा ॲडमिन-ॲडमिन टाकतो, रूट टाकतो, स्वतःचं नाव टाकतो. दार उघडत नाही, कारण ते टॉमकॅटचं दारच नाही! काही ब्राउझरांत त्या चौकटीत बारीक अक्षरांत 'एक्सडीबी' असं लिहिलेलंही दिसतं. ती ओरॅकलचा पासवर्ड मागतेय.

आता लॉग उघडा. टॉमकॅटच्या फोल्डरात लॉग्ज, त्यात कॅटलीना आणि आजची तारीख असं नाव असलेली फाइल. बहुतेक जण थेट शेवटची ओळ पाहतात. तिथे चक्क लिहिलेलं असतं की सर्व्हर अमुक मिलिसेकंदांत सुरू झाला. खोटं नाही ते. पोर्ट मिळाला नाही तरी टॉमकॅट मूळ सेटिंगनुसार बंद पडत नाही, कनेक्टरविना नुसता बसून राहतो. म्हणून वर सरका आणि 'सीव्हिअर' शब्दाची पहिली ओळ शोधा. तिच्याखाली वीस-तीस ओळींची उतरंड असते. ती पाहून घाबरू नका, त्यातली सर्वांत खालची 'कॉज्ड बाय' वाचा. तिथे सापडेल: बाइंड एक्सेप्शन, ॲड्रेस ऑलरेडी इन यूज. रोग सापडला.

आता गुन्हेगार. कमांड प्रॉम्प्टवर 'नेटस्टॅट -एएनओ' चालवा, ८०८० च्या ओळीतला शेवटचा आकडा टिपा आणि टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये तोच पीआयडी शोधा. टीएनएसएलएसएनआर दिसलं, तर तो ओरॅकलचा लिसनर. उपाय एका ओळीचा आहे: टॉमकॅटच्या कॉन्फ फोल्डरातल्या सर्व्हर.एक्सएमएलमध्ये ८०८० च्या जागी ८०८१ लिहा आणि टॉमकॅट पुन्हा सुरू करा. फॉर्मेटमध्ये मात्र अर्धा दिवस जातो, आणि घरच्यांच्या फोटोंचा बॅकअप नसेल तर आणखीही बरंच काही.

फॉर्मेटच्या सल्ल्याची खरी चीड येते ती एवढ्यासाठी, की तो अधूनमधून लागू पडतो. कोड लिहायचं एक्लिप्स बंद केलं तरी मागे एखादी जाव्हा प्रोसेस पोर्ट धरून राहिलेली असते. फॉर्मेटच्या ओघात मशीन रीस्टार्ट होतं, ती मरते, श्रेय फॉर्मेटला. किंवा ओरॅकलच पुसलं जातं, म्हणून टॉमकॅट चालतो. मग पुढच्या एसक्यूएल प्रॅक्टिकलला ओरॅकल परत येतं आणि दुकानदाराला पुन्हा गिऱ्हाईक मिळतं.

दुसरा मोठा घोळ आवृत्त्यांचा. 'लेटेस्ट तेच बेस्ट' म्हणून मुलं टॉमकॅट १० किंवा ११ उतरवतात आणि जुन्या पुस्तकातलं सर्व्लेट त्यात टाकतात. टॉमकॅटचं पहिलं पान झकास दिसतं, सर्व्लेटवर ४०४. हा दोष ना मुलाचा, ना मशीनचा. ओरॅकलनं जाव्हा ईई एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवलं, पण पॅकेजांचं जाव्हाएक्स हे नाव पुढे बदलत्या रूपात वापरायची मुभा दिली नाही. म्हणून २०२० च्या अखेरीस आलेल्या जकार्ता ईई ९ मध्ये सगळ्या पॅकेजांची नावं जाव्हाएक्सवरून जकार्तावर गेली आणि टॉमकॅट १० त्याच वाटेनं गेला. विश्वास बसत नसेल तर अपाचेची स्वतःची मायग्रेशन गाइड पाहा, तिथे हे स्पष्ट लिहिलंय. पुस्तक जुनं असेल तर टॉमकॅट ९ घ्या. जाव्हाचीही अट आहे: टॉमकॅट ९ ला किमान ८, १०.१ ला ११ आणि टॉमकॅट ११ ला १७. लॉगमध्ये 'क्लास फाइल व्हर्जन ६१' अशी तक्रार दिसली, तर कोड जाव्हा १७ वर कंपाइल झालाय आणि चालवणारी जाव्हा त्याहून जुनी आहे.

बाकीचे समज झटपट उरकू.

४०४ आला म्हणजे सर्व्हर बंद? तो ४०४ पाठवला कुणी? पान टॉमकॅटचं असेल तर टॉमकॅट जिवंत आहे. बंद असता तर ब्राउझरनंच 'कनेक्ट होता येत नाही' म्हटलं असतं.

नेट नाही म्हणून लोकलहोस्ट उघडत नाही? लोकलहोस्ट तुमच्याच मशीनच्या आत आहे. फायरवॉल बंद करून उपयोग नाही तो याच कारणानं.

टॉमकॅटचा मूळ पासवर्ड ॲडमिन? मूळ पासवर्ड असा नसतोच. मॅनेजरचा युजर टॉमकॅट-युजर्स.एक्सएमएलमध्ये स्वतः लिहावा लागतो.

लिनक्सवर सगळ्याला ७७७ परवानगी दिली की काम होतं? होतं, चोराचंही. फोल्डरचा मालक बदला, कुलूप तोडू नका.

मित्राच्या पेनड्राइव्हवरचा जुना टॉमकॅट बरा? फेब्रुवारी २०२० मध्ये घोस्टकॅट नावाचं भगदाड उघड झालं, ९.०.३१ च्या आधीचा टॉमकॅट ९ वापरूच नका.

उन्हाळ्यात सर्व्हर बिघडतात? मे महिन्यात रायपूर भाजून काढतं हे खरं. लॅपटॉप मंदावेल, बंदही पडेल, पण उकाड्यानं पोर्ट अडत नाही.

पुन्हा टाकणं योग्य ठरतं ते एका प्रसंगी: डाउनलोड चालू असताना लाइट गेली आणि झिप अर्धवट उतरली. तेही अंदाजानं ठरवायचं नाही. अपाचे प्रत्येक फाइलसोबत एसएचए-५१२ ची बेरीज (चेकसम) देते. विंडोजच्या सर्टयुटिलनं आपल्या फाइलची काढून ताडून पाहा. जुळली नाही तरच नवी प्रत उतरवा.

आणि कुणाला मदत मागायचीच असेल तर मोबाइलवर काढलेला स्क्रीनचा तिरका फोटो पाठवू नका. पहिल्या 'सीव्हिअर'पासून शेवटच्या 'कॉज्ड बाय'पर्यंतचा मजकूर कॉपी करा, टॉमकॅट आणि जाव्हाच्या आवृत्त्या लिहा आणि तो पाठवा.