पाटीवरचा नंबर

एमबीबीएस झालं, वर्षभराची इंटर्नशिप संपली, तरी लगेच दवाखाना थाटता येत नाही. महाराष्ट्रात त्याआधी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. १९६५ च्या कायद्याखालची ही संस्था ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या. परदेशात शिकून आलेल्यांना आधी एफएमजीई ही चाळणी परीक्षा ३०० पैकी १५० गुण मिळवून पार करावी लागते.

नोंदणी कायमची नसते. दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं, त्यासाठी परिषदा-कार्यशाळांना जाऊन ३० क्रेडिट पॉइंट जमवायचे. (हजेरी लागली म्हणजे ज्ञान वाढलं, असं मानणं जरा भाबडेपणाचंच.)

रुग्णाच्या खऱ्या उपयोगाचा आहे तो नोंदणी क्रमांक. २००२ च्या आचारसंहितेनुसार तो दवाखान्यात, प्रिस्क्रिप्शनवर, दाखल्यावर, अगदी पैशांच्या पावतीवरही हवा. दिसला नाही तर बेधडक विचारावा. दाखल रुग्णाने कागदपत्रं मागितली तर ती ७२ तासांत द्यावी लागतात. गैरवर्तन सिद्ध झालं तर कौन्सिल डॉक्टरचं नाव नोंदवहीतून काही काळापुरतं किंवा कायमचं काढू शकते. नुकसानभरपाई मात्र तिथे मिळत नाही. त्यासाठी ग्राहक आयोगाचं दार ठोठावावं लागतं.