कार्बनी संयुगे

ज्या संयुगांमध्ये कार्बन हा प्रमुख घटक असतो, त्यांना कार्बनी संयुगे किंवा सेंद्रिय संयुगे असे म्हणतात. साखर, खाद्यतेल, कापूस, पेट्रोल, प्लॅस्टिक आणि बहुतेक औषधे ही सर्व कार्बनी संयुगेच होत. कार्बन डायॉक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, कार्बोनेटे व कार्बाइडे यांतही कार्बन असतो. परंतु प्रथेनुसार त्यांचा अभ्यास असेंद्रिय रसायनशास्त्रात केला जातो.

नाव व इतिहास

'सेंद्रिय' म्हणजे इंद्रियांसहित, अर्थात सजीवांपासून मिळणारे. अशी संयुगे घडविण्यास प्राणशक्ती आवश्यक असते, असा समज एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी रूढ होता. १८२८ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रीडरिख व्होलर यांना अमोनियम सायनेट तयार करू पाहताना युरिया मिळाला. युरिया हा मूत्रातील घटक असून तो येथे कोणत्याही सजीवाविना तयार झाला होता. या एका प्रयोगाने प्राणशक्तीची कल्पना कोसळली, असे अनेकदा लिहिले जाते. ते पूर्णपणे खरे नाही. हेर्मान कोल्ब यांनी १८४५ मध्ये केलेल्या अॅसिटिक आम्लाच्या संश्लेषणासारखे प्रयोग पुढे होत गेले, तेव्हा ती हळूहळू मागे पडली. आज 'सेंद्रिय शेती'तील सेंद्रिय हा शब्द निराळ्या अर्थाने वापरला जात असल्याने 'कार्बनी' हे नाव अधिक निःसंदिग्ध ठरते.

कार्बनचे वैशिष्ट्य

कार्बनचा अणुअंक ६ असून इलेक्ट्रॉन संरूपण २, ४ असे आहे. चार इलेक्ट्रॉन गमावणे किंवा मिळविणे त्याला फार ऊर्जेचे पडते, म्हणून तो इतर अणूंशी इलेक्ट्रॉनांची भागीदारी करून चार सहसंयुज बंध तयार करतो. कार्बनचे अणू परस्परांशीही जोडले जाऊन लांब साखळ्या, शाखा व वलये बनवितात. या गुणधर्मास मालिकाबंधन शक्ती म्हणतात. दोन कार्बन अणूंमधील एकेरी बंध तोडण्यास प्रतिमोल सुमारे ३४७ किलोज्यूल ऊर्जा लागते. त्याच गणातील सिलिकॉनच्या बाबतीत हा आकडा सुमारे २२२ आहे. सिलिकॉनच्या लांब साखळ्या टिकत नाहीत, याचे हे एक कारण होय.

अणू तेच, पण मांडणी वेगळी असेल तर संयुगही वेगळे होते. यास समघटकता म्हणतात. ब्युटेनचे २ व पेंटेनचे ३ समघटक आहेत, तर दहा कार्बनांच्या डेकेनचे तब्बल ७५. अमोनियम सायनेट व युरिया हेही परस्परांचे समघटकच आहेत.

समजातीय श्रेणी आणि तिची मर्यादा

एकच क्रियात्मक गट असलेल्या व लगतच्या सदस्यांमध्ये एक कार्बन आणि दोन हायड्रोजन अणूंचा फरक असलेल्या संयुगांच्या मालिकेस समजातीय श्रेणी म्हणतात. तिच्या सदस्यांचे रासायनिक गुणधर्म सारखे असतात, असे पाठ्यपुस्तकांत शिकविले जाते. काचपात्रात हे विधान बरेचसे खरे आहे. शरीरात मात्र त्यावर विसंबता येत नाही.

अल्कोहोलांच्या श्रेणीतील पहिला सदस्य मिथेनॉल व दुसरा इथेनॉल. दोन्ही रंगहीन, पाण्यात मिसळणारे द्रव. त्यांचे उत्कलनांक अनुक्रमे सुमारे ६५ व ७८ अंश सेल्सिअस. वासावरून वा चवीवरून सामान्य माणसाला त्यांतील भेद ओळखता येत नाही. यकृतातील एकच विकर दोघांचेही ऑक्सिडीकरण करते. इथेनॉलपासून शेवटी इथेनॉइक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधील आम्ल, तयार होते व शरीर ते वापरून टाकते. मिथेनॉलपासून प्रथम फॉर्माल्डिहाइड व नंतर मिथेनॉइक आम्ल बनते. हे आम्ल पेशींना ऑक्सिजन वापरू देत नाही. दृष्टिचेता त्याला विशेष बळी पडते. लक्षणे बहुधा काही तासांनंतर, कधी दुसऱ्या दिवशी दिसू लागतात, तोवर उपचारांचा मोलाचा वेळ गेलेला असतो. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉलमिश्रित दारू पिऊन शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

या विषबाधेवर रुग्णालयात फोमेपिझोल किंवा वैद्यकीय देखरेखीखाली इथेनॉल दिले जाते. विकराची ओढ मिथेनॉलपेक्षा इथेनॉलकडे अधिक असल्याने ते त्यातच गुंतून राहते, आणि मिथेनॉल आम्लात रूपांतरित होण्यापूर्वीच मूत्र, श्वास वा डायलिसिसवाटे बाहेर पडू शकते.