विममध्ये बोट फिरवलं की मजकूर उड्या का मारतो?

फोनवर टर्मक्स टाकलं, त्यात विम घेतलं. कोडची फाईल उघडली तोवर सगळं सुरळीत. आता त्याच विममध्ये कॉलेजच्या नोट्स उघडा आणि बोट वर सरकवा. कधी मजकूर एक ओळ सरकतो, कधी अर्धी स्क्रीन एकदम गायब! वाटतं, फोनच अडकला. पण फोन ठीक आहे. विमही ठीक आहे. त्याची 'ओळ' आणि आपली 'ओळ' वेगळी आहे, एवढंच.

आपल्यासाठी ओळ म्हणजे स्क्रीनच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत दिसतं ते. विमसाठी ओळ म्हणजे एंटर दाबेपर्यंतचा सगळा मजकूर. नोट्स लिहिताना आपण एंटर कधी दाबतो? परिच्छेद संपला की. म्हणजे 500 अक्षरांचा परिच्छेद विमच्या लेखी एकच ओळ. उभ्या धरलेल्या फोनवर एका रांगेत 45 अक्षरं मावत असतील, तर ही 'एक ओळ' 12 रांगा अडवून बसते.

त्यात विमची जुनी सवय अशी, की स्क्रीनच्या माथ्यावर नेहमी एखाद्या ओळीची सुरुवातच हवी. अर्धा परिच्छेद वर लपवणं त्याला जमायचं नाही. त्यामुळे एक ओळ सरकवली की 12 रांगा एका झटक्यात वर जातात. पुढचा परिच्छेद दोनच रांगांचा असेल तर दोनच. खाली शेवटचा परिच्छेद पूर्ण मावला नाही, तर तिथे '@' ही चिन्हं दिसतात. ती पाहून फाईल खराब झाली असं समजू नका.

फोनवर आणखी एक भानगड आहे. विममध्ये माऊस बंद असेल, तर टर्मक्स तुमच्या बोटाचं सरकणं वर-खालीच्या बाणांमध्ये बदलून पाठवतं. मग स्क्रीन नाही, कर्सर पळतो, तोही परिच्छेदामागून परिच्छेद. माऊस चालू असेल तर तेच बोट माऊसचं चाक बनतं, आणि चाकाच्या एका खटक्याला विम तीन ओळी सरकतं. तीन ओळी म्हणजे इथे तीन परिच्छेद!

हा हिशोब जुना आहे. विमचा पूर्वज व्हीआय बिल जॉय यांनी 1976 च्या सुमारास लिहायला घेतला, तो प्रोग्रामरांसाठी. कोडमध्ये ओळी आखूड, त्यामुळे फारसं अडत नव्हतं.

उपाय आहे, पण तो यायला बरीच वर्षं गेली. जानेवारी 2024 मध्ये आलेल्या विम 9.1 मध्ये 'स्मूथस्क्रोल' नावाची सेटिंग आहे. कोलन दाबून 'सेट स्मूथस्क्रोल' असं इंग्रजीत टाईप करा. आता कंट्रोल-ई, कंट्रोल-वाय आणि माऊसचं चाक दिसणाऱ्या रांगांच्या हिशोबाने सरकतात. वर परिच्छेद अर्धा लपला असेल, तर तिथे '<<<' अशी खूण येते. कर्सरसाठी मात्र वेगळी युक्ती: नुसतं जे किंवा के न दाबता आधी जी दाबा, मग जे किंवा के. कर्सर एकेक रांग चालतो.

सेटिंग कायमची हवी म्हणून तुम्ही ती डॉट विमआरसी या फाईलमध्ये टाकाल. थांबा. स्वतःची ही फाईल बनवली, की विम आपली डिफॉल्ट्स डॉट विम ही फाईल आपोआप वाचणं सोडून देतं. कर्सरच्या वर-खाली पाच ओळी दिसत ठेवण्याची सोय आणि माऊस, दोन्ही तिथूनच येतात. म्हणजे एक स्क्रोल सुधारायला गेलात आणि दुसरा बिघडला. म्हणून सगळ्यात वर ती फाईल सोर्स करून घ्या, मग आपली ओळ लिहा.

आणि हो, स्क्रोल गुळगुळीत झाला तरी 'डीडी'ची ओळ जुनीच राहते. एक रांग खोडायची म्हणून डीडी दाबलंत, तर परीक्षेच्या आदल्या रात्री अख्खा परिच्छेद उडेल. उडालाच तर काही टाईप करू नका, एस्केप दाबून फक्त यू दाबा. परत येतो.