गाडी घेताना तिसरा प्रश्न विचारा

व्यापारी व कारागीर बंधूंनो, आपल्यापैकी कोणी गाडी घ्यायला निघाला की दोनच प्रश्न विचारतो. किंमत किती आणि ॲव्हरेज किती? टक्कर झाली तर आत बसलेल्यांचे काय, हा तिसरा प्रश्न सहसा विचारला जात नाही. कापड घेताना आपण धागा ओढून पाहतो, पन्हा मोजतो. गाडी मात्र रंग पाहून घेतो.

माझाच हिसाब सांगतो. २०११ साली मी माल आणि घर दोन्हीच्या सोयीची म्हणून एक जुनी व्हॅन रोखीने घेतली. मागची सीट काढून टाकली आणि मालेगावहून भिवंडीला गाठी नेऊ लागलो. गॅरेजवाल्या चाचांनी सीटमागे लोखंडी जाळी बसवायचे साडेतीन हजार सांगितले. मी हसून म्हणालो, "चाचा, गाठी काय पळून जाणार आहेत?" ते म्हणाले, "सेठ, गाडी थांबते, माल थांबत नाही."

दोन महिन्यांनी कसारा घाट उतरताना पुढचा ट्रक अचानक थांबला. मी ब्रेक दाबला, गाडी थांबली, पण गाठी थांबल्या नाहीत. शेजारी बसलेल्या भाच्याच्या खांद्याचे हाड मोडले. दवाखान्याचा खर्च आणि त्याचे तीन महिन्यांचे बसून राहणे धरले तर जाळीच्या किमतीच्या वीसपट पैसे गेले. चूक माझी होती. सीट काढणेही कायद्याला धरून नव्हते.

तेव्हापासून मी गाडीच्या खर्चाचे दोन भाग करतो. एक दिसण्याचा, दुसरा थांबण्याचा व वाचण्याचा. काटकसर करायची ती पहिल्या भागात. मोठा स्क्रीन, चकचकीत चाके, सीटकव्हर यांवाचून काही अडत नाही. ब्रेक, टायर, पट्टे, एअरबॅग आणि गाडीचा सांगाडा यांत मात्र कसर नको. समजा, जादा सुरक्षित गाडीला चाळीस हजार जास्त पडतात आणि ती आठ वर्षे वापरायची आहे. वर्षाला पाच हजार, म्हणजे दिवसाला सुमारे चौदा रुपये झाले. एवढे आपण चहावर घालवतो.

जुनी गाडी घेताना

कर्ज टाळणारे आपले बरेच बंधू जुनीच गाडी घेतात. त्यांनी आरसी बुकावर गाडी बनल्याचे साल आधी पाहावे. मोटारींत ड्रायव्हरची एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली. शेजारच्या सीटची २०२२ पासूनच्या सर्व नव्या मोटारींत आली. जोरात ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना लागू झाली. म्हणून २०१८ आणि २०२२ च्या गाडीच्या भावातला फरक नुसत्या जुनेपणाचा नसतो.

चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही किंवा लागून राहिला, तर त्या गाडीचा अपघात झालेला असू शकतो. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. खाचा शाबूत दिसल्या तरी रबर जुने झालेले असते.

नवी गाडी घेताना

ऑक्टोबर २०२३ पासून आपल्या देशात भारत एनकॅप ही टक्कर चाचणी सुरू आहे. गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवतात आणि मोठ्यांसाठी व मुलांसाठी वेगवेगळे तारे देतात. ही चाचणी कंपन्यांना सक्तीची नाही, म्हणून गाडीला तारे आहेत का, हे शोरूममध्ये विचारावेच लागते. मालवाहू गाड्या या चाचणीत येत नाहीत.

विम्याचा कागद वाचा

खासगी मोटारीच्या पॉलिसीत नमुने व स्वतःचे सामान सोडून इतर माल नेणे बसत नाही. रोज ताके नेणाऱ्याचा दावा तिथे अडतो. उलट मालवाहू गाडीत मालाचा धनी किंवा त्याचा माणूस विम्यात येतो, पण सोबत फुकट बसलेले लोक येत नाहीत. सुप्रीम कोर्टाने २००२ साली हे स्पष्ट केले. टेम्पोत बायकामुलांना बसवून लग्नाला नेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. अशा वेळी भाड्याची प्रवासी गाडी करणे किफायतीचे ठरते.

आणि ज्याचे पैसे गाडीसोबत भरलेलेच आहेत, तो पट्टा वापरा. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांची महागडी गाडी पुलाच्या कठड्यावर आदळली. मागे पट्टा न लावता बसलेले दोघे गेले. पुढचे दोघे जखमी झाले, पण वाचले.

माझ्या आताच्या गाडीत सीटमागे जाळी आहे आणि गाठी दोराने बांधल्याशिवाय भाचा चावी फिरवू देत नाही. तुम्हीही बयाणा देण्याआधी तिसरा प्रश्न विचारा. विकणारा उत्तर देईना तर दुसरे दुकान पाहा.