स्कूटर प्लगला कधी लावता?

आज ई-स्कूटरबद्दल बोलूया. मायलेज नाही, चार्जिंगची वेळ.

बहुतेक जण संध्याकाळी घरी आलं की लावतात. मीही तेच करायचो. पण तेव्हाच घराघरांत दिवे, टीव्ही, मिक्सर चालू होतात आणि सोलरची वीज मावळलेली असते. हिशोब बघा. घरचा चार्जर साधारण 700 वॉटचा. अशा हजार स्कूटर एकदम लागल्या तर 700 किलोवॉट, म्हणजे 5 एचपीचे पावणेदोनशे पंप एकदम सुरू केल्यासारखं!

आता दुपार घ्या. शेतीचे फीडर सौरऊर्जेवर चालवायची सरकारी योजना 2017 मध्ये आली, तिच्या पहिल्या प्रकल्पांपैकी एक आपल्या राळेगणसिद्धीचा. बिबट्याच्या भीतीत रात्री दारं धरायला नको, दिवसा वीज द्या, ही शेतकऱ्यांची जुनी मागणी. पण पाऊस होऊन गेला की पंप बंद, ऊन मात्र चालूच. ती वीज गाड्यांच्या बॅटरीत जाऊ शकते.

म्हणूनच जुलै 2025 मध्ये स्मार्ट मीटर असलेल्या घरांना महावितरणकडून सकाळी 9 ते संध्याकाळी 5 च्या वापरावर सूट सुरू झाली, तेव्हा ती युनिटला 80 पैसे होती. म्हणजे तीन युनिटच्या बॅटरीमागे तेव्हा अडीच रुपयेसुद्धा नव्हते! चहाही येत नाही, मान्य.

खरी अडचण वेगळीच. दुपारी स्कूटर कॉलेजच्या पार्किंगमध्ये उन्हात उभी, आणि तिथं प्लगच नाही. तो आधी मागा. बॅटरीतली वीज ग्रिडला परत द्यायची तर दोन्ही दिशांनी चालणारा चार्जर लागतो. आपले साधे चार्जर फक्त घेतात.

तोवर मी रविवारी दुपारी चार्ज करतो, इतर दिवशी झोपताना.