बेटावरचे चार दिवस आणि गोड्या पाण्याची गोष्ट



'समुद्रकिनारी घालवलेले चार दिवस' हा निबंधाचा जुना विषय. आपल्या जळकोट परिसरातली मुलं तो लिहितात तेव्हा निळा समुद्र, पांढरी वाळू, नारळाची झाडं आणि मावळता सूर्य एवढं हमखास येतं. समुद्र इथून तीनशे किलोमीटरहून लांब. बऱ्याच मुलांनी तो फक्त मोबाईलवर पाहिलेला असतो. तरी बेटाविषयीचा एक धडा आपल्या मुलांना लवकर कळेल असं मला वाटतं, कारण तो पिण्याच्या पाण्याचा धडा आहे. लक्षद्वीपचं उदाहरण घेऊन तो कसा शिकवता येईल ते पाहू.

हे बेट आहे तरी केवढं?

अरबी समुद्रात, कोचीपासून साधारण २२० ते ४४० किलोमीटर अंतरावर लक्षद्वीप पसरलेलं आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा केंद्रशासित प्रदेश झाला आणि १९७३ मध्ये त्याला 'लक्षद्वीप' हे नाव मिळालं. एकूण ३६ बेटं, त्यांपैकी १० बेटांवर लोकवस्ती. सगळी जमीन मिळून फक्त ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे आठ हजार एकरांपेक्षाही थोडी कमी. २०११ च्या जनगणनेनुसार त्यावर ६४ हजारांहून अधिक माणसं राहतात.

पर्यटकांचं आवडतं बंगाराम बेट तर दीडशे एकरांच्या आसपासचं. आपल्याकडच्या एखाद्या शिवाराचा तुकडाच म्हणा ना! विमानतळ असलेल्या अगत्ती बेटावरून तिथे बोटीने जावं लागतं.

तिथे शांत का वाटतं?

किनाऱ्यावर पाय पसरून बसावं, कमरेइतक्या पाण्यात डुंबावं, माशांचे थवे बघावेत, संध्याकाळी सूर्य पाण्यात उतरताना पाहावा. तिथला दिवस असा जातो. पण भर समुद्रात असूनही किनाऱ्याचं पाणी तळ्यासारखं संथ कसं, हा प्रश्न मुलांना जरूर विचारा.

उत्तर भूगोलाच्या पुस्तकात आहे: ही कंकणद्वीपं आहेत. प्रवाळ हे इवलेसे सागरी जीव. ते स्वतःभोवती चुनखडीचं कवच तयार करतात. हजारो वर्षं असा थरावर थर साचून समुद्रात बांगडीसारखा कठडा तयार होतो. बाहेरून येणारी मोठी लाट या कठड्यावर फुटते आणि आतल्या खाजणात शांत पाणी उरतं. लक्षद्वीपमध्ये बहुतेक बेटं या बांगडीच्या पूर्व बाजूला आहेत आणि खाजण पश्चिमेला. त्यामुळे सूर्यास्त शांत पाण्यावर दिसतो.

पांढरी वाळूसुद्धा प्रवाळांचीच. लाटांनी फुटलेले तुकडे, शंखशिंपल्यांचा चुरा, आणि पोपटमाशाने प्रवाळ खडक खरवडून खाल्ल्यावर बाहेर टाकलेला भुगा, असं सगळं त्या वाळूत असतं. हे ऐकलं की मुलं हसतात, आणि मग विसरत नाहीत.

आता खरा प्रश्न: प्यायचं पाणी कुठलं?

लक्षद्वीपमध्ये एकही नदी नाही. चारी बाजूंनी खारं पाणी, आणि बहुतेक जमीन समुद्रापेक्षा जेमतेम एक-दोन मीटर उंच. तरीही तिथे विहिरी आहेत आणि त्यांत गोडं पाणी लागतं. कसं?

पावसाचं पाणी वाळूतून झिरपतं. खाली वाळूत समुद्राचं खारं पाणी आधीच मुरलेलं असतं. गोडं पाणी त्यापेक्षा हलकं, म्हणून ते त्यावर तरंगतं. मधे जाड आणि कडेला पातळ, भिंगासारखा हा साठा असतो. लहान बेटांवर तो फार जाड नसतो. पंप लावून एकाच जागी जोरात उपसा केला की खालचं खारं पाणी वर चढतं आणि विहीर मचूळ होते. ती पुन्हा गोड व्हायला कितीतरी पावसाळे लागू शकतात. शिवाय पाणी इतकं वर असतं की शौचालयाच्या खड्ड्यातली घाणही चटकन त्यात उतरू शकते.

म्हणून तिथे दुसरा उपाय शोधावा लागला. कवरत्ती बेटावर २००५ मध्ये समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी करणारा प्रकल्प सुरू झाला, रोज सुमारे एक लाख लिटरचा. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने तो उभारला. समुद्राच्या पृष्ठभागाचं कोमट पाणी कमी दाबाखाली नेलं की त्याची वाफ होते. साडेतीनशे मीटर खोलीवरून आणलेल्या थंड पाण्याने ती वाफ गार करून पाणी मिळवतात. पुढे मिनिकॉय आणि अगत्तीलाही असे प्रकल्प झाले. पण पंप चालवायला वीज लागते, आणि तिथली बरीचशी वीज जहाजातून आणलेल्या डिझेलवर तयार होते.

आपल्या एकराशी तुलना

एका एकरावर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी पडलं. लक्षद्वीपमध्ये वर्षाला साधारण १,६०० मिमी पाऊस पडतो, म्हणजे एकरी ६४ लाख लिटर. आपल्याकडे ७५० मिमी धरला तर ३० लाख लिटर. म्हणजे बेटाला आपल्या दुपटीहून जास्त पाऊस मिळतो, तरीही पाण्याची ओढ असतेच! कारण नुसत्या पावसाने भागत नाही; तो साठतो कुठे आणि उपसतो कोण, यावर सगळं ठरतं.

आपल्याकडे खाली काळा पाषाण. पाणी राहतं ते मुरमात आणि खडकाच्या भेगांत. शेजारी-शेजारी बोअर पाडले की ते कोरडे पडतात. तिथे विहीर खारी होते. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. बेटावर अशी वेळ आली तर रेल्वे नाही, जहाजाचीच वाट पाहायची.

वर्गात करून पाहा

साहित्य: काचेचा ग्लास, मीठ, थंड केलेला बिनसाखरेचा कोरा चहा, चमचा, शहाळ्याची नळी.

१. अर्धा ग्लास पिण्याच्या पाण्यात तीन चमचे मीठ पूर्ण विरघळवा.
२. चमचा पाण्याला टेकवून त्यावर कोरा चहा अगदी हळू ओता. चहा वरच तरंगेल. हेच बेटाचं गोडं पाणी.
३. नळीचं टोक वरच्या थरात ठेवून एकाने सावकाश घोट घ्यावा.
४. मग नळी न हलवता जोरात ओढावं. थोड्या वेळात चव खारट लागेल.

यानंतर फळ्यावर काही लिहावं लागत नाही.

सहलीला जाणाऱ्या पालकांसाठी

लक्षद्वीपला जायला परवाना लागतो, तो आधी काढा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे ऑक्टोबर ते मे महिन्याचा मध्य हा काळ बरा. तिथे गेल्यावर चार गोष्टी मुलांकडून करून घ्या. आंघोळ एका बादलीत. प्लास्टिक परत आपल्या पिशवीत. जिवंत प्रवाळावर पाय द्यायचा नाही. आणि प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून आणायचा नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळांना संरक्षण आहे.

हा चौथा नियम वरवरचा नाही. समुद्र फार तापला की प्रवाळ पांढरे पडतात आणि मरू लागतात. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर घडलं. कठडा झिजला तर लाट थेट बेटावर येते. बंगारामजवळचं परळी-१ हे निर्मनुष्य बेट झिजून गेल्याचं अभ्यासकांनी २०१७ मध्ये सांगितलं. जिथे माणसं राहतात तिथे वाळूबरोबर विहिरीचं गोडं पाणीही जाईल.

मुलांना हे प्रश्न द्या

१. बंगारामला दहा पाहुणे चार दिवस राहिले आणि प्रत्येकाने रोज १५० लिटर पाणी वापरलं, तर एकूण किती? तेवढ्यात तुमच्या घरचे किती दिवस भागले असते?
२. आपल्या गावातली कोरडी पडलेली विहीर आणि बेटावरची खारी झालेली विहीर यांत साम्य काय, फरक काय?
३. 'बेटावरचे चार दिवस' हा निबंध तिथे राहणाऱ्या मुलाच्या बाजूने लिहा. त्याच्या घरी पाहुणे म्हणून तुम्ही आला आहात.

तिसरा प्रश्न घरी आई-वडिलांसोबत बसून लिहायला सांगा. टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या आजीलाही त्यात चार ओळी नक्की सुचतील.